संदेश झिंगन, दुखापती आणि लेगसी: नेरूळच्या चहावर वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कशासाठी?

रविवारी टर्फवर खेळून झालं की आम्ही नेरूळ स्टेशनबाहेर चहाला थांबतो आणि विषय कुठूनही सुरू झाला तरी झिंगनवर येतोच. एक जण म्हणतो संपला रे तो, दुसरा म्हणतो त्याच्याशिवाय आपला डिफेन्स दाखव मला, आणि मग तेच भांडण, तेच मुद्दे, त्यातल्या अर्ध्यांमध्ये वर्ष चुकलेलं. म्हणून एकदाच लिहून ठेवतोय. मी न्यूट्रल नाहीये हे आधीच सांगतो, पण त्याच्या विरोधातलं पण काही लपवलेलं नाही. मजकूर २०२५ च्या शेवटापर्यंतचा.

मी फक्त प्रीमियर लीग बघतो, हा झिंगन कोण?

भावा, तू आपल्या ग्रुपमध्ये आलास कसा? असो. संदेश झिंगन, जन्म चंडीगड, जुलै १९९३. सेंटर बॅक, म्हणजे डिफेन्सच्या मधोमध उभा राहणारा, उंचापुरा, दाढी, डोक्यावर अंबाडा, बॉक्समध्ये कुठलाही हाय बॉल आला की आधी ह्याचं डोकं दिसतं. भारताकडून २०१५ मध्ये नेपाळविरुद्ध पहिली मॅच, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. केरळा ब्लास्टर्सचा कॅप्टन होता, मग एटीके मोहन बागान, मध्ये थोडे महिने क्रोएशिया, परत बागान, मग बंगळुरू आणि २०२३ पासून एफसी गोवा. भारताची कॅप्टनशिप पण केलीये, त्यातली लक्षात राहणारी म्हणजे ऑक्टोबर २०१८, चीनमध्ये सुझौला, चीनच्याच घरी ०-०.

आपल्या इकडे त्याचा काय संबंध? तो तर केरळचा ना?

इथे बरेच जण गडबडतात. आयएसएल म्हणजे इंडियन सुपर लीग, तिचा पहिला सीझन, २०१४, फायनल कुठे झाली? आपल्या डी. वाय. पाटीलला. २० डिसेंबर, केरळा विरुद्ध कोलकात्याचं एटीके, म्हणजे एकीकडे सचिनची टीम आणि दुसरीकडे गांगुलीची, त्यामुळे ज्याला फुटबॉलमधलं ऑफसाइड पण माहीत नाही तो पण तिकीट शोधत होता. झिंगन तेव्हा २१ वर्षांचा, केरळाच्या डिफेन्समध्ये. मॅच एक्स्ट्रा टाइमला जाणार असं वाटत असतानाच इंजुरी टाइममध्ये मोहम्मद रफीकने हेडर मारला आणि एटीके १-० जिंकलं. त्या सीझनचा उदयोन्मुख खेळाडू म्हणून पुरस्कार मात्र झिंगनलाच मिळाला.

त्याच्या आधी तो मुंबई एफसीमध्ये होता, कूपरेजवाल्या जुन्या लोकांना आठवेल, आणि नंतर पुण्याच्या डीएसके शिवाजियन्सकडून लोनवर, म्हणजे थोड्या काळासाठी उसना, खेळला. म्हणजे नाव मोठं व्हायच्या काळात तो आपल्याच मैदानांवर घाम गाळत होता. मुंबईकर म्हणून हक्क सांगायला एवढं पुरेसं नाही, पण अगदी परका पण नाही.

दुखापती नक्की कुठल्या कुठल्या? सगळे वेगवेगळं सांगतात.

लहानसहान सोडून देऊ, ज्या मोठ्या आणि सगळ्यांसमोर घडल्या त्या ह्या.

ऑक्टोबर २०१९. वर्ल्ड कप क्वालिफायरमध्ये बांगलादेशशी मॅच होती, त्याआधी गुवाहाटीला नॉर्थईस्ट युनायटेडबरोबर फ्रेंडली ठेवलेली, त्यात गुडघ्याचं एसीएल गेलं. अख्खा २०१९-२० सीझन बाहेर. फ्रेंडलीमध्ये! आमच्यातले काही जण अजून त्या फ्रेंडलीच्या नावाने बोटं मोडतात.

२०२१. क्रोएशियाच्या शिबेनिक क्लबने घेतलं, टॉप डिव्हिजन, आणि गेल्यावर थोड्याच दिवसांत पोटरी दुखावली. लीगची एकही मॅच न खेळता जानेवारी २०२२ मध्ये परत.

जानेवारी २०२४. कतारमधला एशियन कप, सिरियाविरुद्ध जखमी होऊन बाहेर. ती मॅच आपण ०-१ हरलो आणि तीन मॅचमध्ये एकही गोल न मारता घरी आलो. भारताकडून परत उतरायला नोव्हेंबर उजाडला, हैदराबादला मलेशियाविरुद्ध.

सप्टेंबर २०२५. काफा नेशन्स कप, म्हणजे मध्य आशियातल्या टीम्सची स्पर्धा, त्यात खालिद जमीलची भारताचा कोच म्हणून पहिलीच टूर्नामेंट, ताजिकिस्तानला त्यांच्या घरी २-१ हरवलं, त्यातला एक गोल झिंगनचा. पुढची मॅच इराण, ०-३, आणि त्यात गालाचं हाड फ्रॅक्चर. उरलेली टूर्नामेंट बाहेर.

एसीएल एसीएल करता, ते नक्की असतं काय?

गुडघ्याच्या आत मांडीचं हाड आणि नडगीचं हाड ह्यांना धरून ठेवणारे लिगामेंट असतात, त्यातलं हे एक. नडगी पुढे सरकू नये आणि गुडघा पिळला जाऊ नये हे त्याचं काम. उडी मारून उतरताना किंवा धावता धावता एकदम दिशा बदलताना ते तुटतं, बऱ्याचदा समोरच्याने हात पण लावलेला नसतो. पूर्ण तुटलं आणि परत खेळायचं असेल तर बहुतेक वेळा ऑपरेशन, शरीरातलाच दुसरीकडचा टेंडन काढून तिथे बसवतात, आणि मग नऊ महिने ते वर्ष. त्यात सुरुवातीचे महिने तर नुसतं मांडीचे स्नायू परत उभे करण्यात जातात.

सेंटर बॅकसाठी हे जास्त वाईट, कारण त्याचं निम्मं काम म्हणजे उडी मार, खाली उतर, वळ, स्ट्रायकरच्या मागे पळ. म्हणजे ज्या हालचालीत ते तुटलं तीच हालचाल मॅचमध्ये शेकडो वेळा करायची आणि करताना डोक्यात गुडघ्याचा विचार येऊ द्यायचा नाही. झिंगन परत आला तो नोव्हेंबर २०२० मध्ये, बांबोळीला बंद दाराआड, बागानकडून, आणि समोर टीम कोण तर केरळा. तो सीझन संपल्यावर भारतीय फुटबॉल महासंघाने (एआयएफएफ) त्याला वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडलं. गुडघा उघडल्यानंतरच्या पहिल्याच सीझनला. माझ्या मते त्याच्या करिअरमधलं सगळ्यात मोठं काम हेच आहे आणि ह्याच्यावर सगळ्यात कमी बोललं जातं.

आणि टर्फवर स्टडवाले बूट घालून वॉर्म-अप न करता डायरेक्ट मॅच खेळणाऱ्यांनी हा पॅरा दोनदा वाचा. नाव घेत नाही, तुम्हाला माहितीये.

म्हणजे तो इंजुरी प्रोनच झाला की?

मुख्य भांडण हेच.

इंजुरी प्रोन कोणाला म्हणायचं? ज्याचा तोच स्नायू परत परत जातो, दोन मॅच खेळला की हॅमस्ट्रिंग, परत आला की परत हॅमस्ट्रिंग. झिंगनची यादी बघा, गुडघा, पोटरी, गालाचं हाड. ह्यात एकच एक धागा सापडत नाही. गालाचं हाड तर फिटनेसशी संबंधितच नाही, जिथे बाकीचे पाय घालायला घाबरतात तिथे तो तोंड घालतो, मग हाड मोडणारच.

दुसरं म्हणजे लोड. आत्ताच्या पोरांना माहीत नसेल, सुरुवातीच्या वर्षांत आयएसएल ऑक्टोबर ते डिसेंबर एवढीच असायची, मग तेच खेळाडू लोनवर आय-लीग ह्या दुसऱ्या लीगला जायचे, मध्येच नॅशनल कॅम्प, परत आयएसएल. झिंगनने बाविशी-तेविशीत हेच केलं, वर्षात दोन क्लब, दोन कोच, दोन सिस्टम, आणि कधी खरं गवत तर कधी आर्टिफिशियल. त्याचं बिल तिशीत येतं.

आता विरुद्ध बाजू, जी मला पण पटते. त्याची स्टाइलच अंगावर घेण्याची आहे. जो डिफेंडर दोन सेकंद आधी ओळखतो की बॉल कुठे येणारे त्याला स्लाइड मारायची वेळच कमी येते. अनस एडाथोडिका आठवा, २०१७ ते २०१९ ह्यांची जोडी होती, अनस आधी जाऊन उभा राहायचा आणि झिंगन धडकायचा, म्हणून ती जोडी जमायची. अनसने जानेवारी २०१९ मध्ये एशियन कपनंतर रिटायरमेंट घेतली आणि तेव्हापासून झिंगनला दोघांचं काम करावं लागलं असं माझं मत. आमच्यातला एक जण म्हणतो की त्याने गेम बदलायला हवा होता, वय वाढलं की धडकणं कमी आणि वाचणं जास्त. बरोबर आहे. पण धडकणारा झिंगन काढला तर उरतो कोण, ह्याचं उत्तर त्याच्याकडे पण नाही.

प्रीमियर लीगवाल्यांना समजेल असं सांगा ना.

व्हॅन डाइक. ऑक्टोबर २०२०, एव्हर्टनविरुद्ध पिकफर्डची ती टॅकल, एसीएल, सीझन संपला. तेव्हा सगळे काय म्हणाले? बघा, तो नाही तर लिव्हरपूलचा डिफेन्स कसा ढासळला, ह्यावरून कळतं तो किती मोठा. आणि झिंगन नसताना भारत ढासळला की हेच लोक म्हणतात, काय उपयोग, वेळेला हजर नसतो. एकाच गोष्टीचे दोन अर्थ, पासपोर्ट बघून.

तो नसताना खरंच एवढा फरक पडतो का, की उगाच?

सप्टेंबर २०१९, दोहा, आशियाचा चॅम्पियन कतार, छेत्री आजारी म्हणून टीममध्ये नाही, आणि ०-०. झिंगन आणि आदिल खान मध्ये. पुढच्या महिन्यात झिंगनचा गुडघा गेला आणि कोलकात्याला खचाखच भरलेल्या सॉल्ट लेकमध्ये बांगलादेशशी १-१, तो पण आदिलने ८८ व्या मिनिटाला बरोबरी केली म्हणून. पाच आठवड्यांत हा फरक.

मार्च २०२४, तो बाहेर, गुवाहाटीला अफगाणिस्तानकडून १-२. ऑक्टोबर २०२५, सस्पेंड, मडगावला सिंगापूरकडून १-२ आणि २०२७ च्या एशियन कपचं दार बंद.

पण लगेच उड्या मारू नका. नोव्हेंबर २०२५ मध्ये ढाक्याला बांगलादेशकडून ०-१ हरलो तेव्हा तो मैदानात होता. काफामध्ये तो जखमी झाल्यावर त्याच्याशिवाय आपण ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरे आलो. म्हणजे तो असला की सेफ, नसला की बुडालो, एवढं सरळ नाहीये. मला विचाराल तर २०२३ बघा. इम्फाळची तिरंगी स्पर्धा, मग भुवनेश्वरचा इंटरकॉन्टिनेंटल कप, दोन्हीत एकही गोल खाल्ला नाही, आणि इम्फाळला किर्गिझस्तानविरुद्ध तर त्याने गोल पण मारला. नंतर सॅफ, म्हणजे दक्षिण आशियातल्या देशांची स्पर्धा, ती पण जिंकलो. झिंगन फिट, बाजूला अन्वर अली, मागे गोलकीपर गुरप्रीत. सलग एवढे महिने तो धडधाकट राहिला की काय होतं ते दिसलं, आणि तसे महिने कमी आले हीच तर खंत आहे.

कतारची मॅच गुरप्रीतने वाचवली, झिंगनला कशाला क्रेडिट?

गुरप्रीतनेच वाचवली. वाद नाही. कतारने शॉटवर शॉट मारले आणि तो भिंत झाला. पण बॉक्समधून आलेले किती हेडर आणि किती कटबॅक गुरप्रीतपर्यंत पोचलेच नाहीत ते परत बघा. दोघांनाही क्रेडिट द्यायला पैसे पडत नाहीत.

राहुल भेके जास्त चांगला नाही का? आपला मुंबईचा पोरगा आहे.

हा प्रश्न दर वेळी घणसोलीकडचे विचारतात. भेकेबद्दल प्रेम आहेच, आणि ते नुसतं आडनावामुळे नाही. २०१९ ची आयएसएल फायनल अंधेरीच्या मैदानावर, बंगळुरूकडून ११७ व्या मिनिटाला हेडर, कप. २०२२ मध्ये एशियन चॅम्पियन्स लीगमध्ये इराकच्या क्लबविरुद्ध मुंबई सिटीकडून विनिंग गोल, त्या स्पर्धेत भारतीय क्लबचा तो पहिला विजय. २०२४ मध्ये मुंबई सिटीचा कॅप्टन म्हणून आयएसएल कप उचलला. आणि गंमत बघा, झिंगन दहा महिन्यांनी परत आला त्या मलेशियाच्या मॅचमध्ये आपला गोल पण भेकेनेच मारला.

ट्रॉफी मोजल्या तर भेके पुढे. सातत्य मोजलं तरी कदाचित भेके पुढे. पण समोर इराणचा किंवा ऑस्ट्रेलियाचा सहा फुटी स्ट्रायकर असेल आणि क्रॉस येत असेल तर मला झिंगन हवा. दोघांना एकत्र खेळवलेलं सगळ्यात भारी, नोव्हेंबर २०२३ ला कुवेतमध्ये जाऊन १-० जिंकलो होतो.

त्याने एकदाही आयएसएल जिंकलेली नाही हे खरं?

खरं. त्याची टीम चार वेळा फायनलला गेली. २०१४ आणि २०१६ केरळा, २०२१ बागान, २०२३ बंगळुरू, चारही वेळा हार, त्यातल्या दोन पेनल्टीवर. २०२१ ची तर आपल्या मुंबई सिटीनेच हिसकावली, बिपिन सिंगचा ९० व्या मिनिटाचा गोल, त्या रात्री झिंगनसाठी वाईट वाटलं असं म्हणालो तर खोटं बोलेन. ड्युरँड कप आहे २०२२ चा, तो पण मुंबई सिटीलाच हरवून, म्हणजे फिट्टंफाट. आणि गोव्याबरोबर सुपर कप.

डिफेंडरची लेगसी लीग टायटलवर मोजायची का? थोडीफार मोजावीच लागेल.

क्रोएशिया फ्लॉप नाही का?

फ्लॉप. पण गेला तर होता. आपले बाकीचे किती जण तिशीच्या उंबरठ्यावर, भारतात बरा पैसा मिळत असताना, तिकडे ट्राय करायला गेले?

फेब्रुवारी २०२२ मध्ये तो जे बोलला त्याचं काय?

केरळाबरोबर २-२ झाल्यावर मैदानातून बाहेर पडताना बोलला की बायकांबरोबर मॅच खेळून आलो, आणि ते कॅमेऱ्यात आलं. नंतर माफी मागितली. केरळा सोडताना क्लबने त्याचा २१ नंबर रिटायर केला होता, ह्या प्रकारानंतर फॅन्सनी मागणी केली आणि क्लबने तो नंबर परत वापरात आणला.

ह्याच्यावर मी त्याची बाजू घेत नाही. त्याच महिन्यात आपल्या डी. वाय. पाटीलला महिलांच्या एशियन कपची फायनल झाली होती, चीनने दोन गोल मागे पडून कोरियाला ३-२ हरवलं, इंजुरी टाइममध्ये. ती मॅच बघितलेली कोणतीही मुलगी त्या वाक्यावर हसणार नाही. आमच्या ग्रुपमध्ये खेळायला येणाऱ्या एका ताईने तेव्हापासून त्याचं नाव घेतलं की फक्त "हं" म्हणायचं ठरवलंय, आणि ती डिफेंडर आहे, आधी त्याची फॅन होती. लेगसी म्हणजे नुसते टॅकल नाहीत, हे पण त्याच्याच खात्यात जमा.

आणि सिंगापूरचं रेड कार्ड?

तो राग अजून आहे. ऑक्टोबर २०२५, अवे मॅच, ०-१ मागे, हाफटाइमनंतर दोनच मिनिटं झालेली आणि दुसरं यलो. दहा जणांनी लढून रहीम अलीने ९० व्या मिनिटाला बरोबरी केली म्हणून इज्जत राहिली, पण पाच दिवसांनी मडगावला तो बसला बाहेर आणि पुढचं वर लिहिलंच आहे. बत्तीस वर्षांच्या, भारताची कॅप्टनशिप केलेल्या माणसाला एक यलो असताना काय करायचं नसतं हे कळायला हवं. दुखापत नशिबाचा भाग म्हणून सोडता येते, कार्ड नाही. त्याच्याविरुद्ध केस करायचीच असेल तर लोकांनी गुडघा सोडून ह्याच्यावर करावी.

जुने काका म्हणतात जर्नैल सिंगसमोर हा काहीच नाही.

जर्नैल सिंग, १९६२, जकार्ता एशियन गेम्स. डोक्याला मार लागून टाके पडले, सेंटर बॅक म्हणून खेळवणं धोक्याचं होतं तर फॉरवर्ड म्हणून उतरवलं, आणि फायनलला कोरियाविरुद्ध गोल मारला, २-१, गोल्ड. काकांचं बरोबर आहे, समोर कोणीच नाही.

फक्त एक विचारायचंय. जर्नैल सिंगचे टाके शौर्य आणि झिंगनचं गालाचं हाड इंजुरी प्रोन, हे कसं काय काका? ह्यावर अजून उत्तर आलेलं नाही, चहाचे पैसे मात्र काकाच देतात त्यामुळे मी फार ताणत नाही.

मग आता रिटायर व्हावं का?

क्लबकडून अजिबात नको. भारताकडून मात्र त्याने दर मॅचला नव्वद मिनिटं खेळणं थांबावं असं मला वाटतं. २०२७ च्या एशियन कपला आपण नाही, म्हणजे पुढची दोन वर्षं नवीन जोडी बसवायला मोकळी मिळाली आहेत, वाईटातून एवढंच चांगलं. झिंगनला कॅम्पमध्ये ठेवा, पोरांना क्रॉसवर उभं कसं राहायचं ते शिकवू दे, मोठ्या मॅचला शेवटची वीस मिनिटं लीड टिकवायला आणा. पण आपल्याकडे दहा वर्षं एकाच माणसाच्या गुडघ्यावर सगळा डिफेन्स उभा केला आणि तो गुडघा गेला की त्यालाच शिव्या दिल्या. दुसरा तयार का झाला नाही हे झिंगनला विचारून काय उपयोग?

अन्वर अली आहे की पुढचा.

आहे. पायात बॉल घेतल्यावर तो झिंगनपेक्षा कितीतरी शांत, लांब पास भारी. हवेतल्या बॉलवर अजून तेवढा नाही. त्याच्या बाजूला कोण, हा खरा प्रश्न आणि त्याच्यावर आमच्याकडे पाच जणांची सहा मतं आहेत.

तुमच्या ऑल टाइम भारतीय अकरामध्ये झिंगन बसतो का?

माझ्या टीममध्ये जर्नैल सिंग आणि अरुण घोष, दोघे १९६२ वाले, सुरुवातीला. झिंगन बेंचवर, पहिला सब. काका म्हणतात बेंचवर पण नको, ताई म्हणते "हं", आणि घणसोलीवाल्यांनी भेकेला राइट बॅकला घुसवलंय.